औशाची, लोह्याची, देगलूरची

नागसेनदादा खुर्चीत पाठ टेकून बसलेला मी कधी पाहिला नाही. नांदेडच्या आमच्या वीज कार्यालयात मीटर तपासणीच्या खोलीत त्याचं टेबल होतं. टेबलामागं खुर्चीही होती, पण ती येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. तो स्वतः टेबलाच्या कडेला टेकायचा, एक पाय हलवत. चहा आला की दोन घोट घ्यायचा आणि उरलेला कप कुठंतरी ठेवून द्यायचा. फायलींवर, खिडकीत, एकदा तर साहेबांच्या स्कूटरच्या सीटवर. शिपाई संध्याकाळी त्याचे कप गोळा करत फिरायचा. वयानं तो माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. सगळं हापिस त्याला दादा म्हणायचं आणि सगळं हापिस त्याला अरेतुरे करायचं. त्याला दोन्ही चालायचं.

मी तिथं नवीन लागलो तेव्हा त्याची एक सवय मला विचित्र वाटली होती. तो लाकूड वाजवायचा. टेबल, दार, बाक, समोर येईल त्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. पसंत पडलं नाही की लगेच पुढं. मला वाटलं, चाळा असेल. पंधरा दिवसांनी कळलं की हा माणूस गिटारीसाठी लाकूड शोधतोय.

तो ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, गणपती, कुठल्या तरी पुढाऱ्याचा वाढदिवस. बोलावणं आलं की जायचा. पण दुकानातली गिटार त्याला चालायची नाही. "ती कुणाची बी असती. माझ्यासारखी बोलत न्हाई," म्हणायचा. म्हणून तो स्वतःच्या गिटारी घडवून घ्यायचा. कागदावर आकार काढायचा तो, लाकूड शोधायचा तो. तारांखाली जे चुंबक बसतं, ज्याला वाजवणारे पिकअप म्हणतात, त्यावर केसाहून बारीक तांब्याची तार हातानं गुंडाळायचाही तोच. ती विद्या मीटरच्या नोकरीनं दिली होती. लाकूडकाम मात्र देगलूरच्या नरसय्या मिस्त्रीचं. नरसय्या दारं-खिडक्या करणारा सुतार, घरात तेलुगू बोलायचा आणि गिऱ्हाइकाशी त्याच चालीत मराठी. दादानं त्याला पहिल्यांदा कागद दाखवला तेव्हा त्यानं विचारलं होतं, हे कशाचं दार आहे. पुढं त्या दोघांची अशी गट्टी जमली की दादा रविवारी सकाळच्या गाडीनं देगलूरला जायचा आणि संध्याकाळी अंगभर भुसा घेऊन परत यायचा.

गिटारी तीन झाल्या. त्यांना त्यानं नावं दिली ती गावांचीच.

लोह्याची पहिली. लोहा त्याचं गाव. त्याच्या चुलत्यानं ढोलकीसाठी शिवणीचा ओंडका आणून ठेवला होता, ती ढोलकी काही झाली नाही. ही गिटार वजनाला हलकी आणि आवाजाला मऊ. देगलूरची तिसरी, नरसय्यानं स्वतः जपून ठेवलेल्या जुन्या सागवानी फळीची. तिचा आवाज स्वच्छ, घंटेसारखा, आणि दादाचा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर.

मधली औशाची. तिच्यात माझाही थोडा वाटा आहे.

मला औशाला मुलगी बघायला जायचं होतं. वडील नव्हते, मामा ऐन वेळी आजारी पडला, म्हणून मोठं माणूस म्हणून मी दादाला नेलं. मुलीच्या वडिलांची आडत होती, आम्हाला दुकानामागच्या खोलीत बसवलं. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, खाली मान घालून बसली, आणि अशा वेळी पडते तशी शांतता पडली. त्या शांततेत टकटक ऐकू आली. दादा उकिडवा बसून बाकाला कान लावून होता. सासरे घाबरले. ढेकूण दिसले का म्हणून त्यांनी विचारलं. दादा जागचा न हलता म्हणाला, "न्हाई काका, बाक लई चांगला बोलायलाय. शिसव हाय ना?" मुलगी हसली. मी ते हसणं पाहिलं आणि माझा निर्णय तिथंच झाला. लग्नात रुखवताच्या सामानाबरोबर टेम्पोतून त्या बाकाची फळी आली. सासऱ्यांनी निरोप पाठवला होता, ही तुमच्या त्या पावण्याला. माझी बायको अजून म्हणते की आमचं लग्न एका बाकासाठी झालं.

या तिघींच्या मागं उभा असायचा त्याचा अँप्लिफायर. हा उदगीरच्या एका बंद पडलेल्या टॉकीजमधला. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे वॉल्व्ह असलेला, लोखंडी पेटीचा, दोघांनी उचलावा असा. दादानं तो एस.टी.त मांडीवर घेऊन आणला. उतरल्यावर त्याला पायच नव्हते जणू, स्टँडवर बराच वेळ खांबाला धरून उभा होता. त्या पेटीला तो उदगीरकर म्हणायचा, आणि मानानं. "आज उदगीरकरांची तब्येत बरी न्हाई." "उदगीरकरांना गरम होऊ दे, घाई करू नको." दुरुस्ती करताना उजवा हात पेटीत आणि डावा पँटच्या खिशात. आत एवढा दाब असतो की दोन्ही हात घातले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताला जाते. नवीन आलेल्या प्रत्येक तंत्रज्ञाला तो हेच शिकवायचा, "एक हात खिशात ठेव, मंग घरी जाशील."

बटण दाबल्यावर उदगीरकरांना जागं व्हायला दोन मिनिटं लागायची. वॉल्व्ह हळूहळू शेंदरी व्हायचे, बारीक घुमारा सुरू व्हायचा. तेवढी दोन मिनिटं दादा समोर मांडी घालून बसायचा, न हलता. सुजाता वहिनी, त्याची बायको, एकदा मला म्हणाली होती की लग्नाच्या इतक्या वर्षांत हा माणूस दोन मिनिटं माझ्यापुढं असा बसला नाही. ती शाळेत शिक्षिका. या सगळ्या पसाऱ्याला वैतागलेली. तीन गिटारींसाठी घरातलं एक कपाट गेलं होतं, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला उदगीरकरांची पाठ लागलेली.

तो किती चांगला वाजवतो हे मला खरं कळलं ते एका जयंतीच्या मिरवणुकीत. त्यांची पार्टी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होती आणि अगदी पुढं डीजेचा ट्रक, भिंतीसारखे बॉक्स रचलेला. दुपारपासून ट्रॉलीवरचं कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. दादा तरी वाजवत होता. बोटं हलताना दिसायची, बास. मग एका चौकात ट्रकाचं जनरेटर बंद पडलं. एकदम एवढी शांतता झाली की लोक एकमेकांकडं बघू लागले. दादानं गळ्यातली गिटार उतरवून लोह्याची घातली आणि त्यांच्या वस्तीतल्या बायका जयंतीला जो पाळणा म्हणतात त्याची चाल धरली. सावकाश. एकेक सूर पुढच्या सुराची वाट बघत थांबल्यासारखा. पुढच्या बायकांनी शब्द उचलले, मग मागच्यांनी. माझ्या शेजारी एक म्हातारी होती, तिनं चप्पल काढून हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. तेवढ्यात जनरेटर सुरू झालं होतं, पण ट्रकावरच्या पोरांनी पाळणा संपेस्तोवर आवाज सोडला नाही. मग सोडला. दादा खाली उतरला, कानात बोट घालून हलवलं आणि हसत म्हणाला, भुंगा शिरलाय कानात, उद्यापर्यंत जाईल.

त्यानंतर वर्षभरात माझी लातूरला बदली झाली. भेटी कमी झाल्या, फोन वाढले. मला तो आडनावानं हाक मारायचा, आणि फोनवर आता एकच गोष्ट बोलू लागला. "आवाज मेलाय, स्वामी."

आधी त्याला वाटलं तारा खराब आहेत. त्या बदलल्या. मग पिकअप उकलून पुन्हा गुंडाळले, एकदा, दोनदा, तीनदा. मग उदगीरकरांवर संशय आला. हैदराबादच्या जुन्या बाजारात हिंडून त्यानं वॉल्व्ह आणले, ते बसवले, काढले, दुसरे आणले. रजा घेऊन हिंडत होता. तो मुळात अस्वस्थ माणूस, पण आधीची अस्वस्थता आनंदाची होती, हा आजार वाटायला लागला. फोन केला की पलीकडं स्क्रू पिळल्याचा आवाज यायचा. ऑर्केस्ट्रातले लोक म्हणत होते, दादा, तुझा आवाज टोचतोय, कमी कर. तो म्हणायचा, ह्यांना कान न्हाईत.

आणि मग त्यानं नरसय्याचा संशय घेतला.

देगलूरची गिटार घंटेसारखी वाजायची ती आता वाजत नाही, म्हणजे लाकूडच ते नाही. मध्यंतरी तिची मान वाकली म्हणून ती दुरुस्तीला नरसय्याकडं महिनाभर होती. तेवढ्यात त्यानं जुनं सागवान काढून दुसरं बसवलं असणार, असं दादाच्या मनानं घेतलं. देगलूरला जाऊन, चार गिऱ्हाइकांसमोर, त्यानं नरसय्याला चोर म्हटलं. नरसय्या रंधा हातात घेऊन ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, की जा. दादानं घरी येऊन ती गिटार स्वतः तासायला घेतली. आतलं लाकूड बघायचं म्हणून तिच्या पाठीचा इंचभर थर उतरवला. हे त्यानंच मला फोनवर सांगितलं. आवाजात पश्चात्ताप नव्हता, घाई होती.

पुढं काही महिन्यांनी कामासाठी नांदेडला गेलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. तो वाळला होता. मला बसूही दिलं नाही. औशाची काढली, उदगीरकर तापायच्या आतच बटणं फिरवायला लागला, आणि वाजवलं. माझ्या दातांतून कळ गेली. काचेवर खिळा ओढावा तसा आवाज. खिडकीची तावदानं थरथरली. तो माझ्याकडं बघत होता.

"ऐकलास? गोधडीत गुंडाळल्यागत हाय का न्हाई?"

मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो. वहिनी पोळ्या लाटत होती, तिच्या दोन्ही कानांत कापूस होता. माझ्याकडं न बघता तिनं सांगायला सुरुवात केली. कुकरची शिट्टी त्याला ऐकू येत नाही. दाराची बेल ऐकू येत नाही. मुलीचा पुण्याहून फोन येतो तेव्हा तो नुसता हां हां करतो, आणि नंतर ती काय म्हणाली ते हिला विचारतो. "भाऊजी, मी सांगितलं की भांडण होतंय. तुम्ही सांगा."

माझ्यातही हिंमत नव्हती. मी खोटं बोललो. म्हणालो, दादा, माझेच कान तपासायचेत, लातूरला चांगले डॉक्टर आहेत, एकट्याला जायला नको वाटतं, तू चल. तो आला. दवाखान्यात माझा नंबर लागला, मी तपासून घेतलं, आणि बाहेर येऊन जमेल तेवढ्या सहजपणे म्हणालो, आलोच आहोत तर तूही बसून घे. त्यानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. त्याला कळलं होतं. तरी आत गेला.

ती तपासणी काचेच्या छोट्या खोलीत होते. कानांवर हेडफोन लावतात, हातात एक बटण देतात. आवाज आला की बटण दाबायचं, बाहेरच्या यंत्रावर दिवा लागतो. मी तपासणाऱ्या बाईंच्या मागं उभा होतो. सुरुवातीला दिवा नीट लागत होता. मग बाई आवाज बारीक, उंच करत गेल्या आणि दिवा लागायचा थांबला. काचेपलीकडं दादा बसला होता, खुर्चीच्या कडेवर, बटणावर अंगठा ठेवून, मान तिरकी करून. तो वाट बघत होता. पाय हलत नव्हता. बाई हळूच मला म्हणाल्या, "आता आवाज चालू आहे बरं का. आताही. हा त्याच्याहून मोठा." दिवा लागला नाही. मला तिथं उभं राहवेना, पण हललोही नाही.

बाहेर आल्यावर त्यानं बाईंना विचारलं, शेवटी शेवटी मशीन बंद पडली होती का?

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ आलेली, मग कड्यावरून पडावी तशी खाली गेलेली. उंच आवाजांची जाण गेली आहे, बरीच वर्षं हळूहळू जात असणार, परत यायची नाही. यंत्र लावलं तर बोलणं समजायला मदत होईल. दादानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर थांबला. मला वाटलं रडेल. तो म्हणाला, "देगलूरची गाडी किती वाजता हाय?"

मी म्हणालो, आधी जेवू, घरी जाऊ, उद्या बघू. त्यानं ऐकलं नाही. लातूरहून उदगीर, उदगीरहून देगलूर. सगळ्या वाटेनं गाडीत जागा असून तो उभा होता, वरच्या दांडीला धरून. एकदाच वाकून माझ्याशी बोलला. "म्हणजे लाकूड बरोबर होतं," म्हणाला. "वॉल्व्ह बी बरोबर होते. सगळं बरोबर होतं, स्वामी."

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. नरसय्या दुकानासमोर चौकट ठोकत होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि ठोकणं चालू ठेवलं. दादा त्याच्यासमोर रस्त्यावरच उभा राहिला. खिशातला कागद काढून पुढं धरला.

"नरसय्या, माझे कान गेलेत. तुझं लाकूड गेलं नव्हतं. मी तुला चोर म्हणलो."

नरसय्यानं कागद घेतला नाही. हातोडी ठेवली आणि आत गेला. आम्ही उन्हात उभे. मला वाटलं, तो आता बाहेर यायचा नाही. आला तेव्हा हातात वीतभर सागवानी तुकडा होता, फडक्यात बांधलेला. देगलूरची घडवताना तिच्याच फळीचा उरलेला तुकडा. एका बाजूला दादानं त्या काळी पेन्सिलीनं केलेली खूण होती. शिरा जुळवून बघितल्या की लाकूड तेच आहे हे कुणालाही कळावं.

दादा म्हणाला, मला बघायची गरज न्हाई.

"लेदु," नरसय्या म्हणाला. नाही. "बघ. इतके महिने मी हे संभाळून ठेवलो. तू येशील, दाखवीन म्हणून. तू आला न्हाईस. आता बघ."

दादानं तुकडा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, प्रत्येक शीर बघितली. घाई केली नाही. नरसय्या समोर उभा राहून त्याला बघू देत होता. शेवटी दादानं तो दोन्ही हातांनी परत दिला. नरसय्यानं मग कागद मागितला, उलटा धरून ती रेघ पाहिली आणि विचारलं, तासलेली गिटार कुठं आहे.

ती पुढच्या रविवारी त्याच्याकडं गेली. उतरवलेल्या पाठीच्या जागी नवा थर बसवावा लागला, त्यासाठी नरसय्यानं नवीन सागवान वापरलं. रंग वेगळा, जोड उठून दिसतो. पॉलिशनं झाकू का म्हणून त्यानं विचारलं, दादानं नको म्हणून सांगितलं.

मला वाटलं होतं आता तो वाजवायचं सोडेल. कानात यंत्र बसलं. ते लावून गिटार ऐकली की सगळं पत्र्यासारखं वाजतं, म्हणून वाजवताना काढून खिशात ठेवायचा. पण सोडलं नाही. अडचण एकच होती. आवाज कधी टोचतो आणि कधी दबतो हे त्याला कळत नव्हतं. ते आता दुसऱ्या कुणीतरी ऐकायचं होतं. ऑर्केस्ट्रातल्यांवर त्याचा विश्वास बसेना. एके दिवशी वहिनीनंच कानातला कापूस काढला, पोळपाट बाजूला ठेवला आणि उदगीरकरांसमोर जाऊन बसली. टोचलं की ती हात खाली करायची, दबलं की वर. पहिले काही दिवस दोघांची कडाक्याची भांडणं झाली. तिला सुरातलं काही कळत नाही, असं तो म्हणायचा. सूर कळत नसेल, कान दुखलेला मला कळतो, असं ती म्हणायची. मग हळूहळू भांडणं थांबली. मला फोनवर तो म्हणाला, सुजाताचा कान लई तिखट निघाला. इतकी वर्षं ती कापूस घालून होती आणि मी बाहेर कान शोधत हिंडत होतो.

गेल्या पावसाळ्यात तो गेला, झोपेत, काही न होता. मी तेव्हा नांदेडला पोचू शकलो नाही, त्यामुळं माझ्यासाठी शेवटचा दादा तो त्याआधीच्या हिवाळ्यातला आहे. लातूरला एका सभागृहात त्यांचा संध्याकाळचा कार्यक्रम होता. मी आणि माझी बायको मागच्या बाजूला बसलो होतो. रंगमंचावर उदगीरकर, त्यांच्या पुढं उभा दादा, गळ्यात देगलूरची. वहिनी तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, त्याला सरळ दिसेल अशी. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला तो तिच्याकडं बघायचा. ती मांडीवरचा हात थोडा वर करायची किंवा खाली, तो बटण फिरवायचा आणि मग वाजवायचा. लोकांना यातलं काही कळत नव्हतं.

शेवटी त्यानं गाणाऱ्यांना बसायला सांगितलं आणि एकटाच वाजवायला लागला. कुठल्या गाण्याची चाल नव्हती ती. सुरुवात केली आणि सवयीनं वहिनीकडं पाहिलं. तिचा हात हलला नाही. तो वाजवत राहिला, पुन्हा पाहिलं. मी मान उंच करून पाहिलं. वहिनी डोळे मिटून बसली होती, दोन्ही हात मांडीवर तसेच पडलेले. तिला जे काम दिलं होतं ते ती विसरली होती.

दादानं तिसऱ्यांदा पाहिलं नाही.